अतिदक्षता विभाग आणि वृद्धांची जर्जरता : पंधरा दिवसांपूर्वीचा माणूस

(सुपेला, भिलाई येथे ज्येष्ठ नागरिक व आरोग्य कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत वृद्ध माणसाविषयी दोन निरनिराळी वाक्ये बोलली जातात. ‘आजोबांचे वय झाले’ हे एक आणि ‘आजोबा आता थकले’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात वर्षांची मोजणी आहे, दुसऱ्यात शरीराच्या शिलकीची. ऐंशी वर्षांचा गृहस्थ काटक असू शकतो आणि पासष्टीचा गृहस्थ पुरता थकलेला असू शकतो, हे घरोघरी ठाऊक असते. वैद्यकशास्त्राने मात्र हा भेद मोजण्याच्या सर्वमान्य पद्धती गेल्या सुमारे पंचवीस वर्षांतच सिद्ध केल्या. वृद्धापकाळी शरीराची राखीव शक्ती कमी होत जाते आणि लहानशा आघातानेही माणूस कोलमडतो, अशा अवस्थेला या व्याख्यानात ‘जर्जरता’ म्हटले आहे. अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या रुग्णाची जर्जरता कशी ओळखावी, कोणी ओळखावी आणि त्या माहितीचा उपयोग कशासाठी करावा, हा आजचा विषय होय.

वृद्ध होणारी पोलादनगरी

या विषयाचा विचार करण्यासाठी सुपेला हे योग्य ठिकाण आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण येथे आले. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. १९५९ मध्ये वीस वर्षांचा असलेला कामगार आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्याच्यामागून आलेली पिढीही सत्तरी ओलांडत आहे. एकाच काळात तरुण असलेले शहर एकाच काळात वृद्ध होते, ही औद्योगिक नगरींची विशेष स्थिती आहे.

कारखान्याच्या आखीव सेक्टरांना लागून, जी. ई. रोडच्या आधाराने सुपेला वाढले. येथे दुकानदार आहेत, फेरीवाले आहेत, ठेकेदाराकडे काम केलेले मजूर आहेत, आसपासच्या खेड्यांतून आलेली छत्तीसगढी कुटुंबे आहेत. कारखान्याच्या निवृत्त कायम कर्मचाऱ्याला सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्राचा आधार असतो. इतरांना सुपेल्याचे लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय, दुर्गचे जिल्हा रुग्णालय, खासगी रुग्णालये किंवा रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांपैकी मार्ग शोधावा लागतो. मार्ग कोणताही असो, वृद्ध रुग्णाला धाप लागली, शुद्ध हरपली वा रक्तदाब कोसळला की कुटुंबासमोर एकच प्रश्न उभा राहतो : अतिदक्षता विभागात ठेवायचे काय आणि कृत्रिम श्वसनयंत्र लावायचे काय? उत्तर बहुधा काही मिनिटांत, बहुधा रात्री आणि बहुधा पुरेशा माहितीविना द्यावे लागते.

प्रश्न केवळ भिलाईचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांच्या २०२३ मधील अहवालानुसार २०२२ मध्ये हे प्रमाण १०.५ टक्के होते आणि २०५० पर्यंत ते २०.८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ३४ कोटी ७० लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. अतिदक्षता विभागातील खाटा मात्र नेहमीच मोजक्या राहणार आहेत.

जर्जरता म्हणजे काय?

जर्जरता हा एखादा स्वतंत्र रोग नव्हे. मधुमेह असलेला प्रत्येक जण जर्जर नसतो आणि जर्जर माणसाच्या कागदावर कधीकधी एकही मोठा आजार लिहिलेला नसतो. स्नायू, हाडे, हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू या सर्वांजवळ तारुण्यात गरजेपेक्षा पुष्कळ अधिक शक्ती राखून ठेवलेली असते. वयाबरोबर ती राखीव शक्ती घटते. ती फारच घटली की साधा ताप, पडणे किंवा औषधातील बदल एवढ्यानेही माणूस अंथरुण धरतो आणि पुन्हा पूर्वस्थितीला येत नाही. वठत चाललेले झाड शांत हवेत उभे दिसते. वाऱ्यातच त्याची परीक्षा होते. अतिदक्षता विभाग हा असा वारा आहे.

या अवस्थेचे मोजमाप दोन विचारधारांनी विकसित झाले. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच लक्षणे मांडली : प्रयत्न न करता वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड कमजोर होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे. यांपैकी तीन वा अधिक लक्षणे असतील तर व्यक्ती जर्जर समजावी. एक किंवा दोन असतील तर ती त्या वाटेवर आहे असे समजावे. कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवूड यांनी वेगळा विचार केला. शरीरात साचत गेलेल्या उणिवांची बेरीज हीच जर्जरता, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे २००५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २,३०५ वृद्धांच्या पाहणीच्या आधारे एक सोपी श्रेणी प्रसिद्ध केली. आरंभी सात पायऱ्यांची असलेली ही श्रेणी पुढे नऊ पायऱ्यांची झाली आणि २०२० मध्ये तिची भाषा सुधारण्यात आली.

अतिदक्षता विभागाच्या दृष्टीने दुसरी पद्धत अधिक उपयुक्त ठरली, याचे कारण व्यावहारिक आहे. बेशुद्ध रुग्णाची पकड मोजता येत नाही आणि श्वसनयंत्रावरील रुग्णाला चालवून पाहता येत नाही. परंतु तो पूर्वी कसा वावरत होता, हे विचारता येते.

नऊ पायऱ्या

पहिल्या पायरीवर आपल्या वयाच्या मानाने खणखणीत, नियमित व्यायाम वा श्रम करणारे लोक येतात. दुसऱ्या पायरीवर तंदुरुस्त, परंतु तितके चपळ नसलेले. तिसऱ्या पायरीवरील व्यक्तीला आजार असतात, पण ते आटोक्यात असतात. रोजच्या चालण्यापलीकडे तिची विशेष हालचाल नसते. चौथ्या पायरीवर व्यक्ती कोणावर अवलंबून नसते, तथापि ती मंदावलेली असते आणि दिवसभर थकल्यासारखे वाटण्याची तक्रार करते.

पाचव्या पायरीपासून जर्जरता मानण्याचा प्रघात आहे. पाचवीत प्रवास, पैशांचे व्यवहार, औषधांची व्यवस्था, जड घरकाम यांसाठी मदत लागते. सहावीत घराबाहेरच्या सर्व गोष्टींसाठी आणि घर सांभाळण्यासाठी मदत लागते. जिना अवघड होतो, आंघोळीलाही आधार लागू शकतो. सातव्या पायरीवर व्यक्ती स्वतःच्या शरीराच्या देखभालीसाठी पूर्णपणे परावलंबी असते, तरीही तिची प्रकृती स्थिर असते. आठव्या पायरीवर ती आयुष्याच्या अखेरीकडे झुकलेली असते आणि किरकोळ आजारातूनही सावरणे तिला कठीण जाते. नववी पायरी असाध्य आजारामुळे सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलेल्या, परंतु एरवी जर्जर न दिसणाऱ्या व्यक्तींसाठी राखून ठेवलेली आहे.

या श्रेणीचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, पायरी ठरवताना आजची स्थिती पाहायची नसते. आजचा आजार सुरू होण्यापूर्वीची, साधारणतः पंधरा दिवसांपूर्वीची स्थिती पाहायची असते. खाटेवर पडलेला, नळ्या लावलेला प्रत्येक रुग्ण जर्जरच दिसतो. न्यूमोनियाने चार दिवसांत लोळागोळा झालेला काटक माणूस आणि दोन वर्षे अंथरुणाला खिळलेला माणूस यांच्यातील भेद खाटेकडे पाहून कळत नाही. तो विचारूनच कळतो.

एक उदाहरण कल्पावे. सुपेल्यातील दोन गृहस्थ, दोघांचेही वय ७८. दोघांनाही न्यूमोनिया झाला, दोघांच्याही रक्तातील प्राणवायू सारखाच घटला. पहिला गृहस्थ गेल्या पंधरवड्यापर्यंत रविवारच्या बाजारात पायी जाऊन भाजीची पिशवी स्वतः उचलून आणत होता. दुसरा गेले वर्षभर ओसरीपर्यंतच येत होता, त्याचे कपडे सैल झाले होते आणि आंघोळीच्या वेळी मुलाला दाराशी उभे राहावे लागत होते. प्रवेशाच्या कागदावर दोघांची ओळख एकच राहील : ‘पुरुष, ७८ वर्षे, न्यूमोनिया’. त्यांचा पुढील प्रवास मात्र एकसारखा असण्याची शक्यता कमी आहे.

संशोधन काय सांगते?

रुग्णाच्या गंभीरतेचे गुणांकन अतिदक्षता विभागात जुने आहे. १९८० च्या दशकात आणि नंतर आलेल्या अशा पद्धतींत रक्तदाब, श्वसन, मूत्रपिंडांचे कार्य, शुद्ध इत्यादींना गुण असतात. काहींत वय व जुने आजार यांनाही स्थान आहे. परंतु रुग्ण कालपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत होता काय, याची नोंद त्यांत नव्हती. ही उणीव अलीकडील अभ्यासांनी भरून काढली.

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील सहा रुग्णालयांत पन्नास वर्षांवरील ४२१ गंभीर रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्ण जर्जर होते. रुग्णालयात मृत्यू पावण्याचे प्रमाण जर्जर रुग्णांत ३२ टक्के, तर इतरांत १६ टक्के होते. वर्षभराने हेच आकडे अनुक्रमे ४८ व २५ टक्के झाले. २०१७ मध्ये दहा अभ्यासांतील ३,०३० रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातही अतिदक्षता विभागातील सुमारे ३० टक्के रुग्ण जर्जर असल्याचे व त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी युरोपातील २१ देशांच्या ३११ अतिदक्षता विभागांतील, ऐंशी व त्यावरील वयाच्या पाच हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी ४३ टक्के जर्जर होते.

या शेवटच्या आकड्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. अतिदक्षता विभागात पोहोचलेल्या ऐंशी वर्षांवरील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोक जर्जर नव्हते. म्हणजेच ‘ऐंशी झाले, आता काय उपयोग’ हा उद्गार जितका निष्ठुर आहे तितकाच अशास्त्रीयही आहे. त्याचप्रमाणे, २०१४ च्या अभ्यासातील जर्जर रुग्णांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक वर्षानंतरही हयात होते. समूहाचा आकडा हा एका माणसाचे भविष्य नसतो.

जगणे आणि पूर्वीसारखे जगणे यांतही अंतर आहे. ब्रिटनमधील ६३ गंभीर रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात मांडीच्या एका प्रमुख स्नायूचा आडवा छेद दहा दिवसांत सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्याच्याजवळ स्नायूंची शिल्लक आहे तो ही झीज सोसतो. ज्याच्याजवळ आधीच शिल्लक नाही, त्याचे पाय पुन्हा उभे राहत नाहीत. अनेक कुटुंबांना या परिणामाची पूर्वकल्पना दिली जात नाही. रुग्ण वाचला, बिल भरले, रुग्ण घरी आला आणि मग तो कायमचा अंथरुणावरच राहिला, ही गोष्ट कुटुंबाला धक्का देते. घरातील एका व्यक्तीचे, बहुधा सुनेचे किंवा मुलीचे, सारे आयुष्य त्यानंतर बदलते.

प्रश्न आपल्या घरचे हवेत

कॅनडात तयार झालेली श्रेणी जशीच्या तशी सुपेल्यात वापरली तर चुकीची उत्तरे मिळण्याची शक्यता आहे. ‘आजोबा बँकेचे व्यवहार स्वतः करतात काय?’ या प्रश्नाला नकारार्थी उत्तर आले, तर ते जर्जरतेमुळे आहे की मुलगा हाताशी आला म्हणून व्यवहार त्याच्याकडे सोपवले आहेत, हे पाहावे लागते. अनेक वृद्ध स्त्रियांनी उभ्या आयुष्यात बँकेची पायरी चढलेली नसते, तरीही त्या पहाटे उठून अंगण झाडतात, नातवंडांचे डबे भरतात. एकत्र कुटुंबात स्वयंपाक सुनेकडे जातो तो मानाने, असमर्थतेने नव्हे. याउलट, मायेपोटी घरचे लोक सर्व कामे करून देत असल्यामुळे वृद्धाची खरी दुर्बलता वर्षानुवर्षे झाकलीही जाते. म्हणून ‘करतात काय’ याबरोबरच ‘वेळ आली तर करू शकले असते काय’ हेही विचारणे आवश्यक ठरते.

विशेषणे न विचारता कृती विचाराव्यात. ‘प्रकृती कशी होती?’ या प्रश्नाला ‘बरी होती’ हेच उत्तर येते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढील प्रश्न उपयोगी पडतात :

पंधरा दिवसांपूर्वी ते घराबाहेर कुठपर्यंत जात होते? बाजारापर्यंत, गल्लीच्या टोकापर्यंत की ओसरीपर्यंत?

जमिनीवर मांडी घालून बसल्यावर आधाराविना उठता येत होते काय?

शौचाला व आंघोळीला एकट्याने जात होते काय?

वर्षभरात कपडे सैल झाले काय? जेवण कमी झाले काय?

गेल्या वर्षात किती वेळा पडले? किती वेळा रुग्णालयात दाखल झाले?

औषधे स्वतः लक्षात ठेवून घेत होते काय? घरच्या माणसांची नावे, घरचा रस्ता विसरत होते काय?

या प्रश्नांना कोणतेही यंत्र लागत नाही, रक्ताची तपासणी लागत नाही आणि पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. उत्तर देणारी व्यक्ती मात्र योग्य हवी. परगावाहून धावत आलेल्या मुलापेक्षा रोज ताट वाढणारी सून, शेजारी किंवा वस्तीतील मितानिन यांना अधिक अचूक माहिती असते. त्यांना दाराबाहेर बसवून केवळ सही करणाऱ्या नातेवाइकाशी बोलणे, ही मूल्यमापनातील मोठी चूक ठरते.

गाळणी नव्हे, दिशादर्शक

येथे एक गंभीर धोका सांगणे आवश्यक आहे. जर्जरतेचा अंक हे रुग्णाला दारातून परत पाठवण्याचे साधन होऊ शकते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य व सेवा उत्कृष्टता संस्थेने गंभीर रुग्णांच्या मूल्यमापनासाठी या श्रेणीचा उल्लेख असलेली सूचना प्रसिद्ध केली. अपंग व्यक्ती आणि त्यांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला. जन्मापासून चालण्यासाठी मदत लागणारी, परंतु प्रकृतीने स्थिर असलेली तरुण व्यक्ती या श्रेणीत विनाकारण जर्जर ठरली असती. पाचच दिवसांत सूचनेत दुरुस्ती करण्यात आली : ही श्रेणी तरुण रुग्णांसाठी तसेच दीर्घकालीन स्थिर अपंगत्व, बौद्धिक अक्षमता वा स्वमग्नता असलेल्यांसाठी वापरू नये. ही श्रेणी पासष्ट वर्षांवरील व्यक्तींच्या अनुभवातून तयार झाली आहे आणि तेथेच तिचा अर्थ लागतो. कारखान्यातील अपघातात पाय गमावलेला पन्नाशीचा कामगार जर्जर नव्हे, हे भिलाईसारख्या गावात तरी विसरता कामा नये.

आपल्या देशात आणखी एक धोका आहे. गरीब रुग्ण अधिक लवकर थकतो. अर्धपोटी बालपण, कष्टाचे तारुण्य आणि उपचारांविना राहिलेले आजार यांची बेरीज त्याच्या शरीरावर उमटलेली असते. जर्जरतेच्या नावाखाली त्याला उपचार नाकारणे म्हणजे ज्याच्यावर आधीच अन्याय झाला त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. म्हणून या अंकाने दार बंद करू नये, तर उपचारांची दिशा दाखवावी.

ती दिशा कशी मिळते? पहिल्या तीन-चार पायऱ्यांवरील वृद्धाला केवळ वयामुळे उपचार नाकारले जाऊ नयेत, हे या अंकाने ठामपणे सांगता येते. पाचव्या-सहाव्या पायरीवरील रुग्णाबाबत ठरावीक मुदतीचा प्रयत्न हा मार्ग असतो : तीन किंवा पाच दिवस पूर्ण उपचार करावेत, कोणत्या गोष्टी सुधारल्या तर पुढे जायचे हे आधीच ठरवावे आणि त्या दिवशी कुटुंबाबरोबर पुन्हा बसावे. सातव्या वा आठव्या पायरीवर श्वसनयंत्रापेक्षा धाप व वेदना कमी करणारी शुश्रूषा, घरच्यांचा सहवास आणि ओळखीचे अंथरुण यांचे मोल अधिक असू शकते. निर्णय मात्र त्या रुग्णाच्या इच्छेनुसार आणि पूर्ण माहितीनिशी झाला पाहिजे.

अतिदक्षता विभागात घेतलेल्या जर्जर रुग्णाची काळजीही वेगळी असते. त्याचा चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवावे, दिवस-रात्रीचे भान राहील असा प्रकाश असावा, गुंगीची औषधे गरजेपुरतीच द्यावीत. लोक ज्याला ‘वात झाला’ म्हणतात ती संभ्रमावस्था अशा रुग्णांत लवकर येते. ओळखीचा आवाज कानी पडणे हाही तिच्यावरील एक उपाय असतो. आहारातील प्रथिनांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. हालचालीविषयी दोन अभ्यास एकत्र वाचावेत. अमेरिकेतील १०४ रुग्णांच्या २००९ मधील चाचणीत श्वसनयंत्रावर असतानाच व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वावलंबी होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील ७५० रुग्णांच्या चाचणीत मात्र नेहमीपेक्षा अधिक व्यायाम देऊन अधिक लाभ झाला नाही, उलट अपाय वाढले. तात्पर्य, हालचाल वेळेवर हवी आणि बेताची हवी.

कायदा, योजना आणि व्यवस्था

या विचारांना पूरक चौकट देशात तयार होत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मृत्यूचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य केले. २४ जानेवारी २०२३ रोजी ही प्रक्रिया सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून असा निर्देश साक्षांकित करता येतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाने वा नातेवाइकांनी नकार दिल्यास गंभीर रुग्णाला अतिदक्षता विभागात दाखल करू नये. नकार वा होकार, दोन्ही अर्थपूर्ण होण्यासाठी समोर काय वाढून ठेवले आहे हे कुटुंबाला कळले पाहिजे आणि त्यासाठी जर्जरतेचे मूल्यमापन हा पाया ठरतो.

खर्चाच्या बाबतीत, २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभ २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यावरील वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, देण्यात आला. वार्षिक संरक्षण पाच लाख रुपयांचे आहे. सार्वजनिक पैसा वृद्धांच्या रुग्णालयीन उपचारांवर जितका अधिक खर्च होईल, तितके तो खर्च रुग्णाला पुन्हा पायांवर उभे करतो काय, हे पाहणे आवश्यक होईल.

परंतु जर्जरता अतिदक्षता विभागात प्रथम ओळखली जाणे हे उशिराचे ओळखणे आहे. छत्तीसगढमध्ये २००२ पासून मितानिन वस्ती-वस्तीत काम करीत आहेत. आशा कार्यकर्त्यांसाठीच्या तपासणी पत्रकात साठ वर्षांवरील व्यक्तींना उभे राहताना वा चालताना तोल जातो काय, रोजच्या कामांत मदत लागते काय, नावे वा पत्ता विसरतो काय, हे प्रश्न आहेत. म्हणजे जर्जरतेचा पहिला धागा वस्तीत आधीच हाती येऊ शकतो. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष व भौतिकोपचाराची तरतूद आहे. वस्तीतील नोंद, जिल्हा रुग्णालयातील कक्ष आणि अतिदक्षता विभागातील कागद ही तीन टोके एकमेकांना जोडली गेली, तर रात्री दोन वाजता कुटुंबाला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.

जर्जरता काही प्रमाणात मागेही फिरवता येते, हेही सांगितले पाहिजे. पाचव्या पायरीच्या उंबरठ्यावरील माणसाला पुरेसे डाळ-दूध-अंडी, स्नायूंना ताण देणारा नियमित व्यायाम, अनावश्यक औषधांची छाटणी, डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि चार लोकांत ऊठबस एवढ्याने वरच्या पायरीवर आणता येऊ शकते.

घरोघरी एक कागद

व्यवस्था बदलण्यास वेळ लागतो. एक काम मात्र सुपेल्यातील प्रत्येक घरात आजच होऊ शकते. घरातील वृद्धाच्या औषधांच्या डब्यात एक कागद ठेवावा. त्यावर सहा ओळी असाव्यात : चालू औषधे, कुठपर्यंत चालता येते, कोणत्या कामांना मदत लागते, वजन आणि ते मोजल्याची तारीख, स्मरणशक्ती कशी आहे, आणि गंभीर आजारात काय करावे व काय करू नये याविषयी त्यांची स्वतःची इच्छा. दर तीन महिन्यांनी, दिवाळी-होळीसारख्या घरात सर्व जमण्याच्या प्रसंगी, हा कागद त्यांच्यासमोर बसून पुन्हा लिहावा. सहावी ओळ लिहिणे अवघड जाते. आई-वडिलांसमोर मृत्यूचा विषय काढणे अशुभ वाटते. परंतु वृद्ध माणसे या विषयाला जितके घरचे लोक घाबरतात तितकी घाबरत नाहीत, हा अनेक घरांचा अनुभव आहे. त्यांना विचारले जाण्याचीच वाट असते.

डॉक्टरांकडून अपेक्षा एका ओळीची आहे. प्रवेशानंतर चोवीस तासांच्या आत पासष्ट वर्षांवरील प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहावे : ‘आजारापूर्वीची स्थिती – अमुक पायरी, माहिती देणारे – अमुक.’ रक्तदाब आणि नाडी यांच्या शेजारी ही ओळ आली की खाटेवरील रुग्णाच्या जागी पंधरा दिवसांपूर्वीचा माणूस दिसू लागतो. तो बाजारातून पिशवी उचलून आणणारा असेल, तर त्याला परत बाजारापर्यंत नेण्यासाठी सर्व शक्ती पणाला लावावी. तो ओसरीवर बसून नातवंडांची वाट पाहणारा असेल, तर त्याला निदान त्या ओसरीपर्यंत, त्या नातवंडांपर्यंत पोहोचवता येईल काय, याचा विचार आधी करावा. ज्यांनी पोलादाचे कारखाने उभारले, बाजार वसवले, घरे चालवली, त्यांच्या अखेरच्या आजारात एवढी विचारपूस होणे हा त्यांचा हक्क आहे.